ट्यूनरमध्ये सेव्ह केलेली स्टेशनं गायब होतात, आणि एक स्टेशन ऑटोमध्ये सापडतच नाही

खरखर_नको

नमस्कार मंडळी. घरी ॲम्प्लिफायर वेगळा आणि ट्यूनर वेगळा अशी जोडणी आहे. ट्यूनर जुना आहे पण काटा-पट्टीवाला नाही, हिरव्या आकड्यांचा डिस्प्लेवाला आहे. सेकंडहँड घेतलाय त्यामुळे सोबत ना मॅन्युअल, ना रिमोट. पुढच्या बाजूला ट्यूनिंगची वर-खाली बटणं, बँड, मेमरी, एफएम मोड, शिफ्ट आणि १ ते ८ आकडे, एवढंच आहे.

आता त्रास काय तो सांगतो. मेमरी दाबलं की डिस्प्लेवर ‘मेमरी’ लुकलुकायला लागतं आणि कुठला नंबर द्यायचा हे ठरवेपर्यंत ते बंदच होऊन जातं, मग कधी स्टेशन सेव्ह झालेलं असतं कधी नसतं, काही ताळमेळच नाही. जी सेव्ह होतात तीही टिकत नाहीत, मधे थोडे दिवस ट्यूनर लावला नाही की सगळे नंबर परत ८७.५ वर जाऊन बसलेले असतात. बोर्डाचं बटण रोज रात्री बंद करतो मी, त्याचा काही संबंध असेल का?

आणि खरी डोकेदुखी म्हणजे ज्या एका स्टेशनसाठी हा ट्यूनर घेतला तेच ऑटोमध्ये थांबत नाही. वरचं बटण दाबून धरलं की आकडे पळत सुटतात आणि त्याच्यावरून सरळ पुढे निघून जातात. एकेक टिचकी मारत नेलं तर लागतं, पण मागे शूंऽऽ असा आवाज चालूच, आणि गंमत म्हणजे हाताने लावलं की स्टिरिओचा दिवा लागतच नाही, जोरात येणाऱ्या स्टेशनवर सुद्धा नाही. दिवा बिघडलाय की डबाच बिघडलाय? अँटेना म्हणाल तर मागे एक वायरचा तुकडा खोचलेला आहे, आधीच्या मालकानेच खोचला असावा.

बटणदाब्या

सेव्ह करायचं तेवढं मी सांगतो, बाकीचं इथले जाणकार सांगतील.

‘मेमरी’ लुकलुकत असतं तेवढ्यातच नंबर द्यावा लागतो, बहुतेक सेटमध्ये ही मुदत पाच-दहा सेकंदांची असते, त्यामुळे नंबर आधी ठरवायचा आणि मग मेमरीला हात लावायचा. म्हणजे स्टेशन लावा, मेमरी दाबा, लुकलुकतंय तोवर ३ दाबा. काही सेटमध्ये यानंतर मेमरी पुन्हा एकदा दाबावं लागतं तेव्हा पक्कं होतं, ते नाही दाबलं तर डिस्प्लेवर ३ दिसतो खरा पण आत काही जात नाही. तुमचं ‘कधी होतं कधी नाही’ बहुधा इथेच अडकलंय. नंबर दाबल्यावर लुकलुक थांबून आकडा स्थिर झाला तर काम झालं, चालूच राहिली तर मेमरी अजून एकदा.

ते शिफ्ट बटण पण समजून घ्या. आकडे ८ च असले तरी कप्पे जास्त असतात, ए१ ते ए८, मग बी१ ते बी८, असे. शिफ्ट दाबलं की अक्षर बदलतं. तुम्ही ए मध्ये सेव्ह करून बी मध्ये शोधत असाल तर तिथे ८७.५ च दिसणार, कारण तो कप्पा रिकामाच आहे. तेव्हा ‘गायब’ म्हणण्याआधी अक्षर कुठलंय ते बघा राव.

आणि सगळ्यात सोपं म्हणजे ऑटो प्रीसेट. बऱ्याच ट्यूनरमध्ये मेमरी थोडा वेळ दाबून धरलं की तो स्वतःच खालून वर फिरतो आणि जे जे सापडेल ते ओळीने भरत जातो. चहा होईस्तोवर काम फत्ते.

मंद्रसप्तक

ऑटो प्रीसेटबद्दल माझं मत एकदम उलट आहे, पण त्यावर नंतर येतो.

आधी खरखर_नको यांचा दिवा. दिवा बिघडलेला नाही आणि डबाही नाही. असंख्य ट्यूनर-रिसीव्हरमध्ये अशी रचना असते की एफएम मोडचं ते बटण दोन कामं एकदम करतं, ‘ऑटो’वर असताना आपोआप शोधणं आणि स्टिरिओ, आणि ‘मॅन्युअल’वर टाकलं की एकेक पायरीने चालणं आणि मोनो. म्हणजे हाताने लावायला गेलात की ट्यूनर मुद्दामच मोनोत जातो. त्यामागे विचार असा की हाताने कोण लावणार, ज्याला कमजोर स्टेशन पकडायचंय तोच, आणि कमजोर स्टेशन मोनोमध्येच नीट ऐकू येतं. तेव्हा जोरात येणारं स्टेशन हाताने लावलंत तरी तिथे पोचल्यावर एफएम मोड दाबून परत ऑटोवर या, दिवा लागेल.

मोनोत खरखर कमी का होते हे एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. एफएम स्टिरिओमध्ये डावा आणि उजवा असे दोन वेगळे आवाज पाठवतच नाहीत. डावा अधिक उजवा अशी बेरीज १५ किलोहर्ट्झपर्यंतच्या नेहमीच्या जागेत जाते, आणि डावा वजा उजवा ही वजाबाकी वर ३८ किलोहर्ट्झच्या आसपास चढवून पाठवतात. मधे १९ किलोहर्ट्झला एक बारीक सूर सतत चालू असतो, पायलट म्हणतात त्याला, तो सापडला की ट्यूनर दिवा लावतो आणि बेरीज-वजाबाकीतून दोन्ही बाजू वेगळ्या काढतो. आता एफएमचा स्वभाव असा की सिग्नल कमजोर झाला की गोंगाट वरच्या पट्टीत जास्त साचतो, म्हणजे नेमका त्या वजाबाकीच्या जागेत. मोनो केलं की वजाबाकी फेकूनच दिली आणि तिच्याबरोबर तो गोंगाटही गेला. फरक थोडाथोडका नसतो, कमजोर सिग्नलवर साधारण २० डेसिबलचा असतो. मोनोत चक्क स्वच्छ वाटणारं स्टेशन स्टिरिओत शूंऽऽ करतं ते यामुळे.

आता ऑटोमध्ये न थांबणं. आपोआप शोधताना ट्यूनर प्रत्येक जागी सिग्नल मोजतो आणि ठरावीक पातळीच्या वर असेल तरच थांबतो, नाहीतर तो प्रत्येक खरखरीवर थांबत बसला असता. तुमचं स्टेशन त्या पातळीच्या खाली आहे. म्हणजे ऑटो वगळतोय, दिवा लागत नाहीये, शूं येतंय, या तीन तक्रारींपैकी पहिली आणि तिसरी एकच आहे, सिग्नल अपुरा, आणि त्याचं मूळ तो खोचलेला वायरचा तुकडा. आधी ते काढा. त्याच्यावर मेमरीची कितीही बटणं दाबलीत तरी काय सेव्ह होणार? प्रीसेटमध्ये जातो तो फक्त आकडा, आणि काही सेटमध्ये सोबत मोनो-स्टिरिओची निवड. सिग्नल काही त्यात साठवला जात नाही.

अँटेना घरीच होते. एफएमचा पट्टा ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ, मधोमध ९८ धरा, म्हणजे लहरीची लांबी तीन मीटरच्या जरा वर. तिच्या अर्ध्या लांबीचा डायपोल, म्हणजे दोन हात प्रत्येकी साधारण ७५ सेंटीमीटर, थोडं कमीच चालेल. स्पीकरची दुहेरी वायर घेऊन टोकाकडून ७५ सेंटीमीटर उभी फाडायची आणि दोन्ही हात विरुद्ध दिशांना ताणून इंग्रजी टी सारखा आकार करायचा, ही झाली कामचलाऊ. त्याहून बरं म्हणजे टीव्हीची ७५ ओहमची कोॲक्स केबल खाली आणायची, आतली तार एका हाताला आणि जाळी दुसऱ्या हाताला. असा साधा डायपोल स्वतःच ७५ ओहमच्या जवळ असतो त्यामुळे थेट जमतो. तयार मिळते ती चपट्या रिबनची टी मात्र ३०० ओहमची असते. तुमच्या ट्यूनरमागे ३०० लिहिलेले दोन स्क्रू असतील तर ती थेट तिथे लावा, आणि फक्त गोल ७५ चं तोंड असेल तर मधे ३००-ते-७५ चा छोटा बॅलन, म्हणजे दोन्हींचा मेळ घालणारा जोडतुकडा, लागेल.

लावायची कुठे हे मात्र फिरून बघावं लागतं. शक्य तितकी उंच, खिडकीजवळ, लोखंडी कपाट नि ग्रिलपासून लांब. डायपोल हातांच्या काटकोनात जास्त ऐकतो आणि टोकांच्या दिशेला जवळजवळ बहिरा असतो, म्हणून भिंत बदलून बघा. आडवी लावून बघा, उभी लावून बघा, कारण काही केंद्रं उभ्या ध्रुवणाने, म्हणजे लहर उभी डोलवत, पाठवतात, काही आडव्या, काही दोन्ही. दिव्याच्या भरवशावर राहू नका, कानाने ठरवा, आणि ठरवताना मोड स्टिरिओवर ठेवा म्हणजे फरक लगेच कळतो. निवेदकाचे ‘स’ आणि ‘श’ ऐका, ते चरचरीत फाटल्यासारखे येत असतील तर सिग्नल कमी नाही, तो भिंतींवर-इमारतींवर आपटून दोन वाटांनी येतोय. तिथे अँटेना मोठी करून फार काही होत नाही, हातभर सरकवून होतं.

आता ऑटो प्रीसेट. बटणदाब्या, तो आकड्याच्या क्रमाने भरतो, तुमच्या आवडीच्या नाही. कमजोर स्टेशन टाकत नाही, म्हणजे यांचं जे मुख्य आहे तेच वगळणार. आणि आधी हातांनी मेहनतीने भरलेलं असेल त्याच्यावर सरळ पांघरूण घालतो, विचारतही नाही.

बटणदाब्या

पांघरूण घालतो मान्य. पण ज्याच्याकडे काहीच भरलेलं नाही त्याने आधी ऑटो फिरवायला काय हरकत? गावात काय काय वाजतंय ते तरी कळतं. मग नको ती वर नवीन घालून टाकायची. सगळ्यांनी सुरुवातीपासून टिचक्या मारत बसायचं का?

मंद्रसप्तक

रिकाम्या ट्यूनरवर, अँटेना नीट लावल्यानंतर, एकदा फिरवायला हरकत नाही. पण त्यानंतर प्रत्येक कप्पा उघडून बघायचाच. जुन्या सेटमध्ये ऑटो जोरदार स्टेशनच्या एक पायरी अलीकडेच थांबतो कधीकधी. ५० किलोहर्ट्झची पायरी असेल तर ९८.३० ऐवजी ९८.२५ वर थांबला, गाणं वाजतंय म्हणून आपण खूष, आणि मोठ्या आवाजाला किंचित कर्कश होतंय ते लक्षातच येत नाही. म्हणून प्रत्येकाला एक पायरी वर, एक खाली करून ऐकायचं आणि मधलं ठेवायचं. सिग्नलचे दिवे असतील तर तेही बघा, पण ते जोरदार स्टेशनला दोन-तीन पायऱ्या पूर्णच दाखवतात.

सोल्डरगन

मेमरी उडण्यावर कुणी बोललंच नाही, ते मी घेतो.

तुमचा संशय बरोबर आहे, बोर्डाचं बटणच. ट्यूनरच्या पुढचं पॉवर बटण दाबून बंद केलं तरी आतला मेंदू थोडासा जागा असतो, तो आकडे सांभाळून ठेवतो. भिंतीवरून वीजच काढली की त्याला आधार राहतो फक्त आतल्या बॅकअपचा. नवीन सेटमध्ये असा चिप असतो की वीज असो नसो, आकडे तसेच राहतात. तुमच्या पिढीच्या सेटमध्ये मात्र बहुतेकदा नाण्यासारखा गोल सुपरकपॅसिटर असतो, अंगावर ५.५ व्होल्ट आणि ०.०४७ किंवा ०.१ फॅरड असं काहीतरी लिहिलेलं. ठणठणीत असेल तर दिवसच्या दिवस काढतो, काही सेट तर दोन आठवडेही. म्हातारा झाला की ती मुदत कमी कमी होत जाते, शेवटी वायर काढून लावली तरी सगळं पुसलं जातं.

आणि हे लक्षात घ्या की तो भरायलाही वेळ लागतो. तुम्ही संध्याकाळी तासभर ट्यूनर लावता आणि रात्री बोर्डावरून बंद करता, म्हणजे चार्जिंग थोडं आणि उपाशी राहणं जास्त. मधे काही दिवस लावला नाही की संपलं. त्यामुळे कपॅसिटर मेलाय असं लगेच म्हणू नका, आधी तपासा. भिंतीवरचं बटण दोनेक दिवस सलग चालू ठेवा, स्टेशनं भरा, मग एक रात्र बोर्डावरून बंद करून सकाळी बघा. राहिली तर कपॅसिटर ठीक आहे, तुमची बंद करायची सवय त्याला पुरत नाही एवढंच. सकाळी सगळं ८७.५ तर बदलायला झालाय.

बदलणं म्हणजे दोन टाके आहेत, पण झाकण उघडण्याआधी प्लग भिंतीतून पूर्ण काढा आणि थोडा वेळ जाऊ द्या, पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. प्लस-मायनस उलटं चालत नाही, जुना काढण्याआधी फोटो काढून ठेवा. साधा इलेक्ट्रोलिटिक तिथे बसवू नका, मायक्रोफॅरडवाल्याने मिनिटंसुद्धा निघत नाहीत. सोल्डरिंगचा हात नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे द्या, त्याला हे नवीन नाही. आणि हो, अजून जुने काही सेट असतात त्यांच्या पाठीला पेन्सिल सेलचा कप्पाच असतो, मेमरीसाठी. तुमचा उलटा करून बघा आधी, तसा असेल तर सगळा प्रश्न दोन सेलांचा आहे.

मध्यमलहरी

मी जरा वेगळं विचारतो, मागे किंवा खाली ‘९ किलोहर्ट्झ / १० किलोहर्ट्झ’ असा बारीक सरकता स्विच आहे का? असेल तर कुठे आहे ते आधी बघा. एएमला अमेरिकेत स्टेशनं १० किलोहर्ट्झच्या अंतराने असतात आणि आशिया, युरोप, आफ्रिकेत ९ च्या. चुकीच्या बाजूला असेल तर मिडियम वेव्हवर बहुतेक स्टेशनं आकड्यांच्या मधे पडतात आणि शिट्टीसारखा आवाज येतो. त्याच स्विचने काही ट्यूनरमध्ये एफएमची पायरीही बदलते, तिकडची मोठी, इकडची बारीक, म्हणजे तुमचं ते ऑटोत न थांबणारं स्टेशन पायरीच्या मधे पडत असण्याचीही शक्यता आहे, सिग्नलला दोष देण्याआधी हे बघून घ्या. आणि हा स्विच हलवला की पुष्कळ सेट सगळी मेमरी पुसतात, म्हणून स्टेशनं भरण्याआधीच हलवायचा, नंतर नाही. कुणी झाडलोट करताना धक्का मारत असेल तर तेही एक कारण.

बाकी स्टिरिओ-मोनोवरून एवढी चर्चा चाललीये म्हणून सांगतो, बातम्या आणि बोलण्याच्या कार्यक्रमाला स्टिरिओ हवंच कशाला? त्या नंबरवर मोनो करूनच सेव्ह करा, सुटलात. आणि एएमला लूप अँटेना, म्हणजे तारेच्या वेढ्यांची चौकट, लावा, सेटच्या धातूच्या अंगापासून लांब ठेवा आणि फिरवून बघा. गुणगुण येत असेल तर एकेक करून एलईडीचे दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद करत जा, चोर सापडतो.

खरखर_नको

अरे वा, एवढं सविस्तर! सगळ्यांचे आभार.

आत्तापर्यंत केलं ते असं. सेलचा कप्पा नाहीये. ९/१० चा स्विच आहे आणि तो १० वर होता!! ९ वर केला तर एफएमवर आता ५० च्या पायऱ्या चालतात, आधी १०० च्या चालायच्या. मेमरी खरंच सगळी पुसली गेली पण तशीही रिकामीच होती म्हणा. पण ते स्टेशन ९४.७ ला आहे, म्हणजे आधीच्या पायरीतही बरोबर आकड्यावरच येत होतं, तरी ऑटो थांबत नव्हता, म्हणजे मंद्रसप्तक म्हणतात तसं सिग्नलचंच. स्पीकर वायरचा टी केला, पडद्याच्या दांडीवर आडवा टाकला होता तर काहीच फरक नाही (दांडी लोखंडी आहे, ते नंतर सुचलं). खिडकीच्या लाकडी चौकटीवर उभा लावला तर एकदम फरक, ऑटो आता त्याच्यावर थांबतो, दिवा मात्र लुकलुकतो, लागला की शूं, गेला की स्वच्छ. ऐकताना डोकं उठतं त्या ये-जा करण्याने. ए१ ला सेव्ह केलं, मेमरी दोनदा दाबावं लागतं माझ्या सेटला, बटणदाब्यांचं बरोबर निघालं. बोर्डाचं बटण चालू ठेवलंय, कपॅसिटरचं परवा कळेल.

प्रश्न एकच, ए१ ला मोनो करून सेव्ह केलं तर बाकीचे नंबर पण मोनो होणार का?

मंद्रसप्तक

लुकलुकणारा दिवा म्हणजे सिग्नल अगदी काठावर आहे. मोनो करून सेव्ह करा. ए१ वर मोनो, शेजारी ए२ वर जोरदार स्टेशन स्टिरिओत, असं भरा आणि दोन्हींत ये-जा करून बघा. दिवा ए२ ला लागतो आणि ए१ ला विझतो असं झालं तर तुमचा ट्यूनर मोडसुद्धा नंबरासोबत ठेवतो. दोन्हीकडे विझलेलाच राहिला तर तो फक्त आकडा ठेवतो आणि मोड सगळ्यांना एकच, मग ए१ ला गेल्यावर हाताने बटण दाबायचं.

स्पीकर वायरच्या जागी कोॲक्स लावलीत तर काठावरचं स्टेशन अलीकडे यायची बरीच शक्यता आहे. स्पीकर वायर ७५ ओहमची नसते, आणि खाली येताना तीही अँटेनासारखीच घरातला कचरा गोळा करते. हात तेच ठेवा, खालची वायर तेवढी बदला.

सोल्डरगन

कोॲक्स जोडताना जाळीचा एकही केस आतल्या तारेला लागू देऊ नका, नाहीतर सगळंच ठप्प आणि दोष ट्यूनरवर जाईल. परवा कपॅसिटरचं काय निघतं ते इथेच लिहा, आणि उघडलात तर त्याच्या दोन पायांमधलं अंतर मोजून सांगा, सगळे आकाराला सारखे नसतात.